पटावरील सर्वांस

एकाच वर्षी दहावी झालेल्या मुलामुलींनी वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा एकत्र जमावे, हा परिपाठ महाराष्ट्रात आता इतका रूढ झाला आहे की, डिसेंबरच्या अखेरीस तालुक्याच्या गावी एखादे मंगल कार्यालय अशा मंडळींनी गजबजलेले दिसले नाही तरच आश्चर्य मानावे. व्हॉट्सॲपवर गट जुळतो, दोघे-तिघे हौशी पुढाकार घेतात, एका छापाचे टी-शर्ट तयार होतात, निवृत्त गुरुजनांना शाल-श्रीफळ दिले जाते, आणि सायंकाळी निरोप घेताना पुढल्या वर्षी गोव्यास जाण्याचा बेत ठरतो. तो बहुधा पार पडत नाही, ही गोष्ट वेगळी. या उपक्रमाविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. परंतु शाळा स्थापन झाल्या दिवसापासून आजतागायत तिच्या दारातून बाहेर पडलेल्या झाडून साऱ्या पिढ्यांना एकाच दिवशी एकाच आवारात बोलवावयाचे म्हटले, म्हणजे तो याच खेळाचा मोठा अवतार होईल अशी जी कार्यकर्त्यांची समजूत असते, ती पहिल्या आठवड्यातच खोटी ठरते. एका तुकडीचा मेळावा ओळखीच्या माणसांचा असतो. साऱ्या तुकड्यांच्या मेळाव्यात शेजारच्या खुर्चीवर बसलेला गृहस्थ आपल्या आधी वीस वर्षे शाळेतून गेलेला असतो आणि त्याच्या-आपल्यात इमारतीखेरीज सामाईक असे काही नसते. पहिल्याचे भांडवल मैत्री, दुसऱ्याचे भांडवल दप्तर.

असा मेळावा भरविण्याचा प्रसंग सामान्यतः शाळेच्या वयोमानावरून ठरतो. रौप्य, सुवर्ण, हीरक, अमृत अशा पायऱ्या चढत शाळा शताब्दीला पोहोचते, आणि प्रत्येक पायरीवर कोणाला तरी उत्सवाची आठवण होते. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी सुरू केले आणि मुलींची हुजूरपागा १८८४ साली निघाली. अशा शाळांच्या पहिल्या अनेक पिढ्या आता केवळ इतिहासात आहेत. पण गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव ज्या असंख्य माध्यमिक शाळा निघाल्या, त्यांपैकी पुष्कळांची सुवर्ण आणि हीरक वर्षे आपल्या डोळ्यांदेखत उजाडत आहेत. पहिल्या तुकडीतला, सत्तरी ओलांडलेला विद्यार्थी आणि गेल्या मार्चमध्ये दहावीस बसलेला त्याचा नातू हे दोघेही एकाच शाळेचे माजी विद्यार्थी म्हणून एकाच मांडवात बसू शकतात, हा योग शाळेच्या आयुष्यात थोडाच काळ टिकतो. तेव्हा हा उत्सव पुढील पायरीवर ढकलण्यात शहाणपण नाही.

आता पहिला प्रश्न, बोलवावयाचे कोणास? हा प्रश्न इतका सोपा वाटतो की बहुतेक समित्या तो विचारीतच नाहीत. माजी विद्यार्थी म्हणजे जो येथून मॅट्रिक किंवा दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडला तो, असे मनोमन गृहीत धरले जाते, आणि मग निकालपत्रकांवरून याद्या तयार होतात. माझ्या मते साऱ्या मेळाव्याची घडी येथेच बिघडते. आठवीतून शेतावर गेलेला, नववीत नापास झाल्यावर लाजेने पुन्हा न आलेला, वडिलांची बदली झाली म्हणून दोनच वर्षे बाकावर बसलेला, यांपैकी कोणाचेही नाव निकालपत्रकात सापडावयाचे नाही. ते सापडते ते एकाच ठिकाणी, शाळेच्या जनरल रजिस्टरात.

हे रजिस्टर ज्यांनी कधी उघडून पाहिले नाही त्यांनी एकदा तरी पाहावे. जाडजूड पुठ्ठ्याच्या बांधणीचे, आडव्या पानांचे हे दप्तर कार्यालयाच्या लोखंडी कपाटात असते. मुलाचे नाव शाळेत दाखल झाले की त्यात एक ओळ लिहिली जाते आणि तिला अनुक्रमांक मिळतो; तोच क्रमांक पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतो. संपूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि सर्वांत शेवटी शेरा, अशी रकान्यांची रांग असते. खेड्यातील शाळेच्या जुन्या पानांवर १ जून ही जन्मतारीख ओळीमागून ओळ येताना पाहून नवख्या माणसास चमत्कार वाटेल. परंतु आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे, आणि नाव घालतेवेळी गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरून ती तारीख टाकून दिलेली असे, हा त्यातला उलगडा. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध शासनाने हाती घेतला तेव्हा ठिकठिकाणच्या शाळांची जुनी रजिस्टरे, त्यांतली काही मोडीतली, धूळ झटकून बाहेर निघाली. ज्या दप्तराकडे कारकुनावाचून कोणी पाहत नव्हते त्याला एकाएकी केवढे महत्त्व आले, हे साऱ्यांनी पाहिले आहे.

मेळाव्याच्या दृष्टीने या दप्तरातला सर्वांत बोलका रकाना ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा होय. त्यात कारकुनी भाषेतील चार-पाचच वाक्ये फिरून फिरून आढळतात: ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘परगावी गेल्याने’, ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी केले’. परंतु मराठवाड्यातील किंवा नगर-सोलापूरकडील शाळेच्या रजिस्टरात हे शेवटचे वाक्य १९७२ सालच्या तारखेसमोर एकाखाली एक येऊ लागले, तर ती मुले उनाड नव्हती, दुष्काळी कामांवर आईबापांबरोबर खडी फोडावयास गेली होती, असे समजण्यास हरकत नसावी. उलटपक्षी, कोकणातल्या शाळेत १९८२ नंतर ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात मुंबईतल्या शाळांची नावे दिसू लागली, तर त्यामागे गिरणी संपाने मोडलेला आणि गावी परतलेला एखादा संसार उभा असू शकेल. अशा विद्यार्थ्यांना ‘तुम्ही येथून उत्तीर्ण झाला नाहीत’ या कारणास्तव निमंत्रणातून वगळणे म्हणजे, शाळेने एकदा त्यांचे नाव कमी केले ते पुरेसे न वाटून, आपण पुन्हा कमी करण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: अशा लोकांना यावयाचे नसते. तो खरा आहे, पण तो आपल्याच वर्तनाचा परिणाम आहे. मेळाव्याच्या पत्रिकेवर जिल्हाधिकारी झालेला, शल्यविशारद झालेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला अशी तीनच छायाचित्रे छापल्यावर, रिक्षा चालवून प्रामाणिकपणे संसार केलेल्या माणसाने त्यातून काय बोध घ्यावा? फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ही गोष्ट प्रत्येक मराठी माणसास तोंडपाठ आहे. तो डाव दोन बाद ७४८ वर घोषित झाला, याचा अर्थ असा की सलामीचे दोघे बाद झाले, हे दोघे नाबाद राहिले, आणि उरलेल्या सात मुलांना त्या डावात फलंदाजी मिळालीच नाही. माजी विद्यार्थी मेळावा हा त्या सात जणांचा असतो, असे माझे प्रांजळ मत आहे. तेंडुलकरांचे सत्कार करावयास जग समर्थ आहे.

यादी उतरवून घेण्याचे काम करावे कसे? मुख्याध्यापकांच्या व संस्थेच्या चालकांच्या लेखी परवानगीने, शाळेच्या कार्यालयातच बसून, आणि शक्य तर एखाद्या निवृत्त लिपिकाच्या देखरेखीखाली. रजिस्टर बाहेर नेऊ नये, त्याच्या पानांची छायाचित्रे गटांवर फिरवू नयेत. त्यात जात आहे, जन्मतारीख आहे, वर्तणुकीचा शेरा आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा ‘असमाधानकारक’ हा शेरा आज कोणाच्या नातवंडांनी वाचण्याचे कारण नाही. नाव, दाखल झाल्याचे वर्ष, सोडल्याचे वर्ष आणि गाव एवढेच चार रकाने उतरवून घ्यावेत. वर्षाला शंभर मुले दाखल होणाऱ्या शाळेत साठ वर्षांची सहा हजार नावे होतात. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. प्रत्येक वर्षाच्या तुकडीतून एकेक माणूस मुखत्यार नेमावा, त्याच्या हाती त्या वर्षाची यादी द्यावी आणि पत्त्यांची रुजुवात त्याच्याकडून करून घ्यावी. रजिस्टर पुरात किंवा वाळवीत गेलेच असेल, तर जुने कॅटलॉग, वार्षिक अंक आणि वर्गाची सामूहिक छायाचित्रे यांवरून यादी पुन्हा उभी करता येते, मात्र तिला वेळ लागतो.

या शोधात खरी कसोटी लागते ती माजी विद्यार्थिनींच्या बाबतीत. रजिस्टरात असते ते माहेरचे नाव. विवाहानंतर आडनाव पालटते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे येते, आणि आपल्याकडील कित्येक घरांत ताटात पसरलेल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे मूळ नावदेखील बदलले जाते. म्हणजे दाखल्यावरच्या नावाचे तिन्ही भाग पुसले गेलेली बाई शोधावयाची असते, आणि पुरुषांनीच भरलेली समिती फेसबुकवर तिचे जुने नाव टाकून, ‘सापडत नाही’ म्हणून हात झटकते. वास्तविक रस्ता सरळ आहे. मुलीचे माहेर बहुधा गावातच असते, भाऊ असतो, भावजय असते, शेजारच्या काकू असतात. आणि कोणती मुलगी कोणत्या गावी दिली हे या काकूंना कोणत्याही दप्तरापेक्षा अधिक बिनचूक ठाऊक असते. प्रत्येक दशकातील निदान एक बाई समितीवर घेतली आणि तिच्या हाती तिच्या काळातल्या मुलींची यादी दिली, तर महिन्याभरात निम्म्या नावांचा तपास लागावा. पुढे मेळाव्याच्या दिवशी छातीवर लावावयाच्या बिल्ल्यावर माहेरचे नाव मोठ्या अक्षरांत, सासरचे त्याखाली आणि सर्वांत खाली वर्ष, असा क्रम ठेवावा. अक्षरे खरोखरच मोठी हवीत. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे चष्मे खिशात असतात.

वर्ष लिहिण्याच्या बाबतीतही एक गुंता आहे. आज नव्वदीच्या घरात असलेले गृहस्थ ‘मी इंग्रजी चौथीत होतो’ असे सांगतात तेव्हा त्यांस आजची आठवी अभिप्रेत असते; कारण मराठी चार इयत्ता झाल्यावर इंग्रजी पहिली सुरू होई आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, असा त्या वेळचा क्रम होता. त्यानंतरच्या पिढीची एस.एस.सी. अकरावीला झाली. पुढे नवा आकृतिबंध आला आणि १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची व नव्या दहावीची पहिली तुकडी, अशा दोन तुकड्या एकाच वर्षी परीक्षेस बसल्या. तेव्हा केवळ ‘७५ची बॅच’ असा फलक लावून टेबल मांडले तर तेथे एकमेकांना वर्षाने ज्येष्ठ-कनिष्ठ असलेले दोन तांडे जमून गोंधळ उडणार. त्यांची टेबले वेगळी मांडावीत, पण शेजारी-शेजारी.

तिथीचा विचार थोडक्यात सांगता येईल. फेब्रुवारी-मार्च हे महिने बोर्डाच्या परीक्षांचे, त्यात शाळा हे परीक्षा केंद्र असेल तर आवार मिळावयाचेच नाही. विदर्भात मे महिन्याचे नाव काढू नये. कोकणात मात्र मे महिन्यात चाकरमानी आंब्यांच्या निमित्ताने गावी असतात, त्यामुळे तोच उत्तम. परदेशस्थांची सोय पाहावयाची तर नाताळाचा आठवडा बरा. दाट लग्नतिथी टाळावी, गावच्या जत्रेचा दिवसही टाळावा; तथापि जत्रेच्या आदल्या दिवशी मेळावा ठेवण्याची युक्ती काही गावांत चांगली साधते.

पैशाविषयी मात्र स्पष्ट बोलणे बरे. मेळावे मोडतात ते मतभेदांनी कमी आणि हिशेबांनी अधिक. एखाद्या उत्साही मित्राच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड गटावर टाकून वर्गणी गोळा करणे हा संशयाला स्वतःहून दिलेला आवतणाचा नारळ होय. तो मित्र कितीही सचोटीचा असो, जमाखर्च मांडताना त्याच्या घरखर्चाच्या नोंदी त्यात मिसळतात. एकदाच मेळावा करावयाचा असेल तर शाळेच्या संस्थेच्या खात्यातून व्यवहार करावा. दरवर्षी काही करण्याचा मानस असेल तर माजी विद्यार्थी संघ रीतसर नोंदवावा. निदान सात सभासद, संस्थेची घटना आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील खेपा, एवढी त्याची किंमत आहे. देणगीवर आयकरात सवलत मिळते ती तशी मान्यता असलेल्या संस्थेच्या पावतीवरच, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, हे देणाऱ्यास आधीच सांगावे. उपस्थितीचे शुल्क सर्वांना परवडेल असे अल्प ठेवून उरलेली तूट देणग्यांतून भागवावी, आणि कोणी किती दिले याचा फलक लावू नये. ज्याने शंभर रुपये दिले त्याला जेवताना तो फलक दिसत राहतो.

प्रत्यक्ष दिवसाची आखणी करताना समितीचा हात कार्यक्रम भरण्याकडे वळतो: ईशस्तवन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचे भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार. लोक ध्वनिक्षेपकाकडे पाठ करून आपसात बोलू लागतात आणि सूत्रसंचालक ‘कृपया शांतता राखा’ असे वारंवार बजावतो; वास्तविक ते ज्यासाठी आले तेच करीत असतात. तासाभरात सभा आटोपावी. दिवंगत गुरुजन आणि विद्यार्थी यांना दोन मिनिटे श्रद्धांजली वाहावी, सत्कारात शिक्षकांबरोबर घंटा देणाऱ्या शिपाईमामांना आणि प्रयोगशाळेच्या परिचरास विसरू नये, आणि उरलेला सारा वेळ मोकळा सोडावा. बसण्याची व्यवस्था दशकवार केली तर माणसे आपल्या माणसांपाशी पोहोचतात. निवासी शाळांत मात्र ही वाटणी चालत नाही. साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलसारख्या, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर काढलेल्या शाळेतला विद्यार्थी इयत्तेने ओळखला जातो तितकाच सोबत राबलेल्या आणि एका पंगतीत जेवलेल्या सोबत्यांनी. तेथे टेबले वसतिगृहवार असावीत.

एक कार्यक्रम मात्र अवश्य ठेवावा, तो वर्ग भरविण्याचा. घंटा व्हावी, जुन्या तुकडीने आपल्या जुन्या खोलीत, जमेल तसे पाय दुमडून, त्याच बाकांवर बसावे, आणि त्यांच्याच एखाद्या सरांनी किंवा बाईंनी कॅटलॉग उघडून हजेरी घ्यावी. बँकेतून निवृत्त झालेला, सोसायटीच्या सभेत सर्वांना दरडावणारा गृहस्थ आपला क्रमांक पुकारताच अभावितपणे उभा राहतो. एखाद्या क्रमांकाला उत्तर येत नाही, मागच्या बाकावरून कोणी ‘गेला, सर’ म्हणते, सर पेन्सिलीने खूण करतात आणि पुढला क्रमांक घेतात. येथे भाषण करू नये. कोणी करू लागल्यास सरांनी त्याला खाली बसवावे, तो अधिकार त्यांना आहे.

या वृद्ध शिक्षकांविषयी एक सूचना आहे. त्यांच्यापुढे उभे राहून, हसत, ‘ओळखलंत का, सर?’ असे विचारण्याची जी पद्धत पडली आहे, ती सोडून द्यावी. चाळीस वर्षांत हजारो मुले शिकविलेल्या, पंच्याऐंशीव्या वर्षी दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाची दर पाच मिनिटांनी ही तोंडी परीक्षा घेणे क्रूरपणाचे आहे. आपले नाव, वर्ष आणि बसत असू तो बाक सांगून मग नमस्कार करावा. बहुतेक वेळा त्यांना वडिलांचे नाव आठवते आणि थोरल्या भावाचे गुणही. त्यांना घरून आणण्या-पोहोचविण्यासाठी गाडी व सोबतीस एक तरुण माणूस नेमून द्यावा, सभा त्यांच्या झोपेच्या वेळेत नेऊ नये, आणि व्यासपीठावर चढण्यासाठी तीन उंच पायऱ्या ठेवू नयेत.

भोजनाबाबत विस्तार नको. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी आणि मठ्ठा असला की मराठी माणूस तृप्त असतो. पंगत मात्र जमिनीवर न धरता टेबलांवर घ्यावी, गुडघ्यांचा विचार करून.

मेळाव्यानंतर शाळेस काही भेट देण्याची इच्छा सर्वांनाच होते, आणि मग भिंतीवरचे मोठे घड्याळ, व्यासपीठावरचा ध्वनिक्षेपक किंवा संस्थापकांचा अर्धपुतळा यांवर सभा झडतात. मुख्याध्यापकांना विचारले तर ते बहुधा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचे किंवा गळणाऱ्या छपराचे नाव सांगतील, तेच करावे. त्याखेरीज, ज्या दप्तराच्या आधारे आपण सारे जमलो त्याची पाने सुटी झालेली असतील, कडा कुरतडलेल्या असतील, तर त्याची चांगली बांधणी करून द्यावी आणि त्याची संगणकीय प्रत शाळेच्या स्वाधीन करावी. या कामास घड्याळापेक्षा फारसा अधिक खर्च येत नाही.

ज्या वाचकांच्या शाळेची पंचविशी, पन्नाशी किंवा साठी दोन-तीन वर्षांवर आली असेल, त्यांनी दिवाळीची सुटी संपल्यावर आणि बोर्डाच्या परीक्षेची धांदल सुरू होण्यापूर्वी कार्यालयात एकदा जाऊन यावे. मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर, सदर काम कशासाठी करावयाचे ते लिहून दिलेला अर्ज पुरतो. जाताना आपला शाळा सोडल्याचा दाखला बरोबर न्यावा, म्हणजे रजिस्टर क्रमांकावरून आपली ओळ लगेच सापडते आणि पुढचे काम तेथूनच सुरू करता येते.